पिशवीतला खाऊ

परगावाहून परतलेला माणूस उंबऱ्यात पाऊल ठेवतो, तेव्हा घरातील मोठी माणसे त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि लहान मुले त्याच्या पिशवीकडे. त्या पिशवीतून जे निघते त्याला मराठीत एक साधा, गोड शब्द आहे : खाऊ. मिठाई म्हटले की दुकान डोळ्यांपुढे येते, पक्वान्न म्हटले की सणाचे ताट. खाऊ म्हटले की कोणीतरी प्रवासाहून आलेले असते आणि कोणीतरी त्याची वाट पाहत बसलेले असते. यांपैकी एक जरी नसेल तरी तोच पदार्थ निव्वळ खाद्यवस्तू होऊन राहतो.

धर्मगुरूने गोडाधोडावर लेख लिहावा हे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. प्रायश्चित्तकाळात साखर सोडा म्हणून वेदीवरून सांगणाऱ्याने नानखटाईचे गोडवे गावेत, हे खरोखरच विसंगत दिसते. परंतु माझ्या आयुष्यातील एक चूक या खाऊपाशीच घडली, आणि तिच्याविषयी सांगायचे तर वाटेतली दुकानेही ओघाने येणारच.

माझे घर वसईचे. वडील पहाटेच्या लोकलने केळी आणि पानवेलीची पाने घेऊन दादरला जात. संध्याकाळी रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ते परत येत आणि सर्वांत आतल्या टोपलीच्या तळाशी कागदात बांधलेली सहा नानखटाया असत. आम्ही भावंडे चार, आई-वडील दोन; हिशेब चोख होता. त्या नानखटाईला केळीच्या पानांचा वास लागलेला असे. पुढे मी पुष्कळ चांगल्या बेकऱ्यांची नानखटाई खाल्ली, पण तो वास नसल्यामुळे ती मला नेहमी थोडी अपुरीच वाटली.

पाव आणि भट्टी यांच्याशी आम्हा वसईकरांचे नाते जुने. १५३४ ते १७३९ ही दोन शतके वसई पोर्तुगीजांकडे होती. ‘पाव’ हा शब्दच मुळी त्यांच्या भाषेतून आपल्याकडे आला. पीठ फुगवायला त्यांच्या देशातले आंबवण येथे मिळेना, तेव्हा ताडामाडाची ताडी त्या कामी आली. आमच्याकडे सणाला होणाऱ्या फुग्यांतही जुन्या बायका ताडीच घालीत. सुरतेच्या नानखटाईची जी जन्मकथा सांगतात, तीतही ही ताडी आहेच. डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणाऱ्या भट्टीचे गिऱ्हाईक त्यांच्या जाण्याने तुटले. ताडीच्या संशयाने स्थानिक लोक पावाला हात लावीनात. पाव पडून पडून वाळला आणि तो वाळलेला तुकडाच लोकांना आवडू लागला. मग त्यात तूप-साखर आली, ताडी गेली आणि नानखटाई उरली. कथेत पदरचे किती असेल ते असो, परंतु प्रवासी खाद्याचे सारे रहस्य तिच्यात आहे. ज्यात पाणी कमी, ते टिकते. जे टिकते, ते लांब जाते.

आमची सुकेळी याच नियमाने चालतात. आगाशीकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची की झाले. वरून साखरेचा एक कणही नको. केळ्याच्या अंगची गोडीच पाणी उडाल्यावर दाट होते. मी नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत दाखल झालो तेव्हा आईने माझ्या पेटीत कपड्यांच्या खाली सुकेळ्यांचे दोन पुडे ठेवले होते. ते नागपुरापर्यंत पोहोचले आणि तेथे पहिल्या रात्रीच संपले. आम्ही एका खोलीत आठजण होतो.

त्या पुड्यांची परतफेड म्हणून गोरस पाक आमच्या घरी आला. पहिल्या वर्षाच्या सुटीत घरी जाताना वर्ध्याच्या एका सहाध्यायाने मला आपल्या गावी उतरवले, एक रात्र ठेवून घेतले आणि सकाळी गोरस भांडारात नेऊन हा पदार्थ माझ्या हाती दिला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : गोरस पाक हा नानखटाईच्या कुळातला, पण तिच्याहून गंभीर प्रकृतीचा. पीठ, साखर आणि गायीचे भरपूर तूप. भट्टीतून भाजून निघालेला हा तपकिरी तुकडा दातांखाली नुसता दाबला तरी विरघळतो. तो खाताना बोलू नये. बोलल्यास समोरच्याच्या अंगावर भुगा उडतो.

या तुकड्याच्या मागे वर्ध्याचा इतिहास उभा आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहू लागले. जमनालाल बजाज यांनी १९४१ साली गोसेवा संघाचे काम हाती घेतले आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, ते निवर्तले. संघाच्या सभासदांनी गायीचेच दूध-तूप वापरण्याचे व्रत घ्यावे, अशी अपेक्षा असे. गायीचे रक्षण घोषणांनी होत नसते, तिच्या दुधाला गिऱ्हाईक मिळाले तर होते, हा त्यामागचा व्यवहार. गंमत अशी की, ज्यांच्या सावलीत हे सारे वाढले ते गांधीजी स्वतः व्रतामुळे बकरीच्या दुधावर राहत होते. वर्ध्याच्या या वातावरणात एक ख्रिस्ती माणूसही होता, त्याची आठवण आपल्या लोकांना फारशी नसते. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवले. कारखान्याच्या साखरेपेक्षा गूळ श्रेष्ठ, आणि शेतजमीन न अडवणाऱ्या ताडाचा गूळ त्याहून श्रेष्ठ, असा त्यांचा आग्रह. ज्या झाडाच्या रसाने आमच्या वसईत पीठ फुगत होते, त्याच झाडाच्या रसातून वर्ध्यात ते गरिबाच्या संसाराचा हिशेब मांडीत होते. अर्थशास्त्र मला फारसे कळत नाही, परंतु हे वाचले तेव्हा दोन गावे मला एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

असो. त्या वर्षापासून प्रत्येक सुटीत, आणि १९९८ साली गुरुदीक्षा झाल्यानंतर प्रत्येक वार्षिक रजेत, माझ्या पिशवीत गोरस पाकाचा डबा असे. जाताना गोरस पाक, येताना सुकेळी. आई डबा उघडून आधी वास घेई, मग झाकण लावून तो फडताळात वरच्या कप्प्यात ठेवून देई. ‘खा की,’ असे मी म्हणत असे. ‘खाते सावकाश,’ असे तिचे उत्तर ठरलेले.

या प्रवासांत मी इतरही पुष्कळ पदार्थ चाखले. धर्मग्रामाची जीप असे, सोबत कोणी ना कोणी धर्मबंधू असे आणि अमरावती, अकोला, खामगाव, जळगाव, धुळे असा जुना रस्ता गावागावांतून जाई. एकदा खांडव्याला जाताना बुऱ्हाणपुरात थांबून माव्याची जिलेबी खाल्ली. काळपट, जाड, बोटाला जड लागणारी ती जिलेबी कढईतून पाकात आणि पाकातून थेट तोंडात गेली पाहिजे. तिची अर्धा किलो बांधून घेण्याचा मोह मी आवरला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या पुड्यात चिकट, दमट असे काहीतरी निघाले. नागपूरची संत्रा बर्फी त्या मानाने शहाणी, चार दिवस नीट वागते. मला मात्र तिच्यात संत्र्यापेक्षा संत्र्याची आठवणच अधिक लागते. शेगावची कचोरी गोड नव्हे, तरी तिला वगळून या रस्त्याविषयी लिहिणे कृतघ्नपणाचे होईल.

अशा प्रवासांतून मी मनाशी दोन वर्ग केले. काही पदार्थ वाटसरूचे असतात. ते तेथेच, उभ्याने, गरम खावेत. काही पदार्थ वाट पाहणाऱ्याचे असतात. पहिल्या वर्गातला पदार्थ लोभाने घरी आणला तर तो रुसतो. वाळवंटातील मान्नाची चव मधाच्या पापडीसारखी होती, असे निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे. पण साठवून ठेवला की सकाळी त्यात किडे पडत, शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा तेवढा अपवाद. ते बरोबरच होते. सारे कुटुंबच वाटेवर होते. मागे घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. मग पिशवी भरायची कोणासाठी?

२००९ साली आईला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोड बंद सांगितले आणि मी ते तंतोतंत मनावर घेतले. सेमिनरीत शिकलेल्या माणसाला नियम पाळणे व पाळवून घेणे या दोन्हींची सवय असते. त्या वर्षी मी घरी गेलो तो रिकाम्या हाताने. आईने पिशवीकडे पाहिले, मी आजाराविषयी चार शब्द सुनावले आणि ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्या वर्षी मी बिनसाखरेची बिस्किटे नेली. तिने ती घेतली, वास घेतला नाही. तिसऱ्या वर्षीही तसेच. येताना सुकेळी मात्र माझ्या पिशवीत नेमाने पडत राहिली. २०१२ च्या पावसाळ्यात आई गेली.

महिन्याच्या मिस्सेनंतर वहिनी फडताळ आवरत होत्या. वरच्या कप्प्यात गोरस पाकाचे रिकामे डबे एकावर एक नीट रचून ठेवलेले होते. कशात डाळ, कशात सुया-दोरे. मी सहज म्हणालो, ‘गोडाची आवड फार होती तिला.’ वहिनींनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. ‘कोणाला? त्यांनी कधी एक तरी अख्खा खाल्ला का? तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. गल्लीतल्या पोरांना एकेक तुकडा. माझा फादर राहतो त्या मुलखातला आहे म्हणून सांगायच्या. पोरं विचारायची, आजी, नागपूर किती लांब? त्या म्हणायच्या, एक दिवस आणि एक रात्र.’

मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘मागची तीन वर्षं पोरं विचारायची, फादर आले नाहीत का म्हणून.’

मी त्यावर काही बोललो नाही. साखरेचा हिशेब मी नीट ठेवला होता. तो खाऊ कोणाच्या तोंडी जातो, हे मात्र इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते. आणि तिने ते आपणहून सांगितले नाही. का सांगितले नसेल, याचे निरनिराळे अर्थ मी तेव्हापासून लावून पाहिले आहेत. एकही पुरता पटत नाही.

पुलगावला माझी नेमणूक झाली तेव्हा खाऊच्या बाबतीत मी जणू जंक्शनवरच येऊन पडलो. वर्धा नदीकाठचे हे लहानसे गाव. कापडगिरणी बंद पडली, आर्वीला जाणारी पस्तीस किलोमीटरची नॅरोगेज गाडी थांबली; मुंबई–नागपूर मुख्य लोहमार्ग आणि सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार मात्र आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात भडकलेल्या आगीत जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा या गावाचे नाव देशभर ऐकू आले. एरवी ते वेळापत्रकाच्या पानावरच असते. भांडारामुळे येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतील माणसे नोकरीला येतात आणि रविवारच्या मिस्सेला चार-पाच भाषांतील माणसे एका बाकावर बसतात.

ही माणसे रजेवर जातात व परत येतात, आणि परत येताना धर्मगुरूच्या निवासावर एक पुडा ठेवून मग आपल्या क्वार्टरकडे वळतात, असा येथला रिवाज. केरळहून आलेल्या कुटुंबाकडून केळ्याचा हलवा, तसेच साच्यावर तळलेले, जाळीदार फुलासारखे अच्चप्पम. ते पाहून मला हसू आले, कारण वसईत नाताळला याच साच्याची फुले होतात. तमिळनाडूहून कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की. तिला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे देणाऱ्या जवानाने मला सलाम ठोकल्याच्या थाटात सांगितले. छोटा नागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती घरांतून अरसा येई. तांदूळ भिजवून, कुटून, गुळाच्या पाकात मळून तळलेला तो अरसा म्हणजे खसखस नसलेला आपला अनारसाच. बिहारकडचा एक शेजारी, ख्रिस्ती नव्हे, छटपूजेनंतर ठेकुआ आणून देई; कणीक, गूळ, तूप आणि वर लाकडी ठशाची नक्षी. दोन दिवस-रात्रींच्या रेल्वेप्रवासानंतरही तो कुरकुरीत असे. यांतले काहीही बुऱ्हाणपुरी जिलेबीच्या जातीचे नव्हते. सारेच पदार्थ वाट पाहणाऱ्यांसाठी केलेले.

तीन वर्षांपूर्वी माझ्याही रक्तात साखर निघाली. पन्नाशीनंतर ती निघतेच, आणि घराण्याचा वारसा होताच. बातमी धर्मग्रामात पसरायला एक रविवार पुरला. त्यानंतर रजेवरून आलेली पहिली कुटुंबवत्सल बाई निवासाच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘फादर, तुम्हाला चालत नाही, म्हणून यंदा काही आणलं नाही.’ तिच्या बोलण्यात निखळ काळजी होती. मीही ‘बरं’ म्हणालो.

तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला तो ओळखू आला.

पुडे थांबले तशी माणसेही थोडी थांबली, हे कबूल केले पाहिजे. पुडा ठेवायला आलेला मनुष्य पाच मिनिटे बसे. घरी आईची तब्येत कशी आहे, जमिनीचा वाद कुठवर आला, बहिणीचे लग्न जमले की नाही, ते सांगे. रिकाम्या हाताने नुसते येऊन बसण्याचे धाडस सर्वांना होत नाही. सहा महिन्यांनी एका रविवारी, मिस्सेनंतरच्या सूचना वाचून झाल्यावर, मी धीर करून म्हणालो की फादरना खायला मनाई आहे, वाटायला मनाई नाही. तरी रजेवरून येणाऱ्यांनी निवासाची वाट विसरू नये. लोक हसले. पुढच्याच आठवड्यात कोझिकोडचा हलवा आला. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना मी त्याचे चौकोन करून दिले आणि एका मुलाने विचारले, ‘फादर, कोझिकोड किती लांब?’ मी अंदाजाने उत्तर दिले. बहुधा चुकीचे होते.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पुतण्या आपली नवी गाडी घेऊन मला न्यायला पुलगावला आला. ‘काका, सकाळी निघू, संध्याकाळी घरी.’ त्याने नकाशावर सर्वांत जवळचे प्रवेशद्वार शोधून ठेवले होते. मी त्याला म्हणालो, आधी वर्ध्याला चल. वर्धा म्हणजे तीसेक किलोमीटर उलट दिशेने. तरुण माणसाला उलट दिशेने जाणे पटत नाही. पण गाडी त्याची असली तरी काका माझ्यातला होता.

गोरस भांडारातून एक किलोचा डबा घेतला. पुतण्याने दुकानातच एक तुकडा तोंडात टाकला, काहीतरी बोलायला गेला आणि माझ्या काळ्या बाह्यांवर भुगा उडाला. मी कोपऱ्याचा एक कण जिभेवर ठेवला. माझ्या डॉक्टरांनी हे वाचू नये.

येळाकेळीला आम्ही महामार्गावर चढलो. रस्ता उत्तमच आहे, त्याची निंदा मी करणार नाही. एक दिवस आणि एक रात्र आता एका दिवसावर आली. परंतु दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि गावे दूरवर, दुसऱ्या कोणाची तरी असावीत तशी दिसतात. खामगाव नाही, शेगावचा फाटा नाही, हातात परात घेऊन खिडकीशी येणारा कोणी नाही. पेट्रोलपंपाजवळच्या दुकानात थांबलो. तेथे देशात कोठेही मिळतात ती वेष्टनातली बिस्किटे होती. पुतण्याने दोन पुडे घेतले व गाडीतच संपवले. कोणत्या जिल्ह्यात ते घेतले, हे आता त्याला विचारले तर सांगता येणार नाही. मागच्या आसनावर डबा होता. वळणावर तो सरके, तेव्हा मी हात मागे करून त्याला धरीत होतो.

दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उतरलो. आमचा ओटा तेवढा जुना उरला आहे. आजूबाजूला तीन-चार मजली इमारती झाल्या. गाडी लावायला जागा शोधीत पुतण्या पुढे गेला. मी डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो, तोच समोरच्या इमारतीतून एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन खाली आली. मला पाहून थबकली, मग डब्याकडे पाहिले.

‘फादर, आजींचा खाऊ का?’

मी झाकण उघडले. तिने आधी स्वतःचाच हात पुढे केला, मग जीभ चावून मुलाचा हात पुढे केला. दोघांना दिला. तिने वर पाहून कोणाला तरी हाक मारली. जिन्यावर चपला वाजल्या. मुले आली, मुलांच्या मागे एकदोन दाढीवाले बाप्येही आले. त्यांतल्या कोणाचेही नाव मला ठाऊक नव्हते. त्यांना मात्र तुकड्याचा आकार ठाऊक होता.

डबा घरात पोहोचला तेव्हा त्यात पाच उरले होते. वहिनींनी ते मोजले, झाकण लावले आणि डबा वरच्या कप्प्यात ठेवून दिला.